किनाऱ्यावरचे जीव ओळखायचं किट : पाच ओहोट्या वापरून झाल्यावर

दिवाळीच्या बोनसमधून मी हे किट मागवलं, 2350 रुपये आणि वर कुरिअरचे 90. विकणाऱ्याचं नाव टाकत नाहीये, कारण एक वस्तू त्याने न कटकट करता बदलून दिली आणि अशी किटं आता बऱ्याच जणांकडे मिळतात, फोटो बघून तरी आतला माल सगळ्यांचा सारखाच वाटतो. आत होतं काय तर मोबाईलला चिमट्याने लावायची मॅक्रो लेन्स, यूव्ही टॉर्च, वॉटरप्रूफ पाऊच, पांढरा ट्रे, एक पारदर्शक चौकोनी डबी जिच्या एका बाजूला मिलीमीटरच्या रेघा छापल्यात, प्लास्टिकचा चिमटा, हातभर दांडीची जाळी, सहा झाकणाच्या बाटल्या आणि जीव ओळखायचं लॅमिनेट केलेलं कार्ड. सोबत एक पत्रक, त्याच्याबद्दल पुढे बोलते कारण त्याच्यावरून माझं डोकं फिरलं होतं.

मी काही शास्त्रज्ञ वगैरे नाही, बँकेत आहे, जीवशास्त्र बारावीलाच सुटलं. मरीन लाइफ ऑफ मुंबई नावाचा ग्रुप 2017 पासून मुंबईच्या किनाऱ्यांवर लोकांना ओहोटीच्या वेळी फिरवतो, त्यांच्या एका वॉकला मैत्रिणीने ओढून नेलं आणि तिथे ज्याला मी इतकी वर्षं शेवाळं समजत होते ते हलायला लागलं, मग संपलंच सगळं. भाचा रत्नागिरीला एमएस्सी झूलॉजी करतोय, त्यामुळे किट आम्ही दोघांनी वापरलं, मी कार्टर रोडच्या खडकांवर आणि एकदा जुहूला, त्याने तिकडे मिऱ्याला आणि मिरकरवाडा बंदरात. म्हणजे हा रिव्ह्यू दीड माणसाचा आहे, त्यातला शहाणा अर्धा तो.

वस्तू बघताना मी एकच गोष्ट बघत होते. प्रत्येक जीवाची ओळख कुठल्यातरी एका फालतू वाटणाऱ्या खुणेवर अडकलेली असते, माशाच्या पोटाखाली, खेकड्याच्या डाव्या नांगीत, असं कुठेतरी. ती खूण पाणी परत चढायच्या आत मला दिसली का नाही, बस. बाकी दिसायला किट भारी आहे का, बॅग कसली आहे, याला काही अर्थ नाही.

आणि वेळ खरंच कमी असतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आमच्या मालगुंडच्या आजोबांचा हिशोब होता, तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. द्वितीयेला दोनाचे पाऊणपट म्हणजे दीड, दीडला भरती, तर सहा तास मागे जा, सकाळी साडेसातच्या आसपास पाणी सगळ्यात खाली. पुनव-अमावास्येनंतर एक-दोन दिवसांनी उधाण सगळ्यात मोठं असतं त्यामुळे द्वितीयेची सकाळ सोन्यासारखी, पाणी लांब जातं आणि एरवी न दिसणारे खडक उघडे पडतात. मोबाईलवर तक्ते मिळतात ते बघाच, पण पाऊणपट अजून दगा देत नाही, दहा-वीस मिनिटं इकडे तिकडे. मी तासभर आधी पोचते आणि पाणी वळलं की निघते. म्हणजे हातात जेमतेम एक तास, त्यात चालणं, घसरणं, आणि "ताई काय हरवलं का" विचारणाऱ्या मॉर्निंग वॉकवाल्यांना उत्तरं देणं पण आलं.

आता मॅक्रो लेन्स. हिच्यासाठीच मी किट घेतलं होतं आणि हिच्यावर माझं मत तीनदा बदललं. पहिल्या दिवशी वाटलं कसली कमाल आहे, झोअँथिडची तोंडं, त्यांच्या कडेचे बारीक तंतू, सगळं स्क्रीनभर. झोअँथिड म्हणजे ते खडकावर बटणांचा गालिचा पसरल्यासारखे दिसतात ते, लोक त्यांना सरसकट सी अ‍ॅनिमोन म्हणतात पण अ‍ॅनिमोन एकटा बसतो आणि हे बुडाशी एकमेकांना जोडलेले असतात. (हाताला कापलेलं असेल तर यांना बोट लावू नका, काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचं जबरदस्त विष असतं.) तर हे बसून राहणारे जीव लेन्सला मस्त जमतात. पण लेन्सला जीवापासून दोन-तीन सेंटीमीटरवर न्यावं लागतं, म्हणजे मोबाईलचीच सावली त्याच्यावर पडते, जीव पाण्यात असला तर लेन्स पाण्याला टेकते, आणि जो जीव पळू शकतो तो तेवढ्यात पळालेला असतो.

खेकड्यांना तर ही लेन्स उलटी अडचण करते. पोहणारे खेकडे ओळखायचे तर पाठीच्या कवचाच्या कडेचे दात मोजावे लागतात, डोळ्यापासून मागे कडेपर्यंत, पोर्ट्युनस असेल तर एका बाजूला नऊ, कॅरिब्डिस असेल तर बहुतेक सहा. त्यासाठी अख्खी पाठ एका फोटोत हवी, सरळ वरून. लेन्स लावली की दोनच दात दिसतात पण काय सुंदर दिसतात. भाच्याने माझे पहिले तीस फोटो बघितले आणि म्हणाला, "मावशी, हे सगळं कॅलेंडरवर छाप, पण यातला कुठला खेकडा आहे ते देवाला माहीत." तेव्हापासून आधी बिनलेन्सचे फोटो, वरून, बाजूने, खालून, आणि मग हौस म्हणून लेन्स.

तिसऱ्या ओहोटीला लेन्सच्या चिमट्याची स्प्रिंग गंजली. मी घरी येऊन गोड्या पाण्याने धुतली होती तरी गंजली, भाचा म्हणतो धुऊन लगेच पुसायला हवी होती. आता रबरबँडने बांधते. काच मात्र चांगली आहे, हे मान्य.

मग ती पारदर्शक डबी. जाहिरातीत हिचं नावपण धड नव्हतं, "ऑब्झर्व्हेशन बॉक्स" असं शेवटच्या ओळीत लिहिलेलं, आणि पाचही ओहोट्यांना सगळ्यात जास्त बाहेर निघाली तर हीच. कारण सांगते. खडकातल्या डबक्यात बोटाएवढे मासे असतात ना, मातकट, ठिपक्याठिपक्यांचे, ते गोबी आहेत की ब्लेनी यावरून मी एका बाईशी वॉकला वाद घातला होता. दोघीही चूक होतो कारण दोघी वरून बघत होतो. गोबीच्या पोटाखालचे दोन पर एकमेकांना जुळून वाटीसारखे झालेले असतात, त्या वाटीने तो खडकाला चिकटतो. ब्लेनीचे तेच पर गळ्याशी दोन काड्यांसारखे सुटे, पाठीवरचा पर बहुतेक वेळा एकच लांबलचक, आणि बऱ्याच जणांच्या डोळ्यांवर भुवईसारखे तुरे. गोबीच्या पाठीवर सहसा दोन पर. आता वरून तुम्हाला ती वाटी जन्मात दिसणार नाही. डबीत पाणी घ्या, मासा आत, डबी डोळ्यांच्या वर धरा, खालून फोटो काढा, झालं. दोन मिनिटांत सोडून द्या, उन्हात एवढंसं पाणी फार पटकन तापतं.

न्यूडिब्रँकचं पण तेच. हे शंख टाकून दिलेले गोगलगाईचे भाऊबंद, फोटोत इतके देखणे आणि ओहोटीत पाण्याबाहेर पडलेले असले की सरळ शेंबडासारखे. मी पहिला न्यूडिब्रँक ओलांडून पुढे गेले होते, मागून येणाऱ्या मुलीने दाखवला. डबीतल्या पाण्यात ठेवला की मिनिटभरात उघडतो, पुढे दोन शिंगं, आणि पाठीवर मागच्या बाजूला फुलासारखे कल्ले असतील तर तो डोरिड, कल्ले नसून पाठभर बोटंबोटं असतील तर एओलिड. डोरिड घाबरला की कल्ले आत ओढून घेतो, मग बसा वाट बघत. यातल्या एका जातीच्या नावातच बॉम्बे आहे, गोनिओब्रँकस बॉम्बेयानस, 1946 मध्ये नाव दिलंय. मला अजून दिसलेला नाही. ज्यांना दिसलाय त्यांनी फोटो दाखवून जळवू नये ही विनंती.

शंखात राहणारे हर्मिट खेकडे डबीत ठेवले तर आधी आत दडून बसतात, जरा थांबलं की बाहेर येतात आणि मग काचेला टेकलेल्या नांग्या समोरून स्वच्छ दिसतात. उजवी मोठी असेल तर पॅग्युरिड घराणं, डावी मोठी किंवा दोन्ही सारख्या असतील तर डायोजिनिड. माझे सगळे दुसऱ्या घराण्यातले निघाले. एका बाजूच्या मिलीमीटरच्या रेघांमुळे मापाची पट्टी वेगळी धरावी लागत नाही, ही फार छोटी गोष्ट आहे पण एका हातात डबी आणि दुसऱ्यात मोबाईल असताना तिसरा हात कुठून आणणार. तक्रार एकच, रेघा काळ्या आहेत, काळसर माशापुढे दिसत नाहीत.

पांढरा ट्रे बरा आहे, पण उन्हात इतका चकाकतो की मोबाईलला आतला जीव काळा ठोकळा दिसतो, आणि पांढरा न्यूडिब्रँक ठेवला तर उलट, काहीच दिसत नाही. मी जुन्या काळ्या फाईलचं कव्हर कापून तळाला टाकते.

यूव्ही टॉर्चवर बोलायचं तर आधी गंमत. जाहिरातीत प्रकाशाची तरंगलांबी 365 नॅनोमीटर लिहिलेली, आली ती लावल्यावर अख्खी गच्ची जांभळी झाली. भाचा म्हणाला ही 395 च्या आसपासची असणार, खऱ्या 365 ची टॉर्च, आणि तीपण पुढे काळसर फिल्टर असलेली, लावली तर नुसत्या डोळ्याला फारसा उजेड दिसत नाही, जांभळा झगमगाट असला की त्यात प्राण्याची स्वतःची चमक बुडते. विकणाऱ्याला व्हिडिओ पाठवला, आठ दिवसांत दुसरी आली, फिल्टरवाली. हे मात्र त्याला पूर्ण मार्क.

मग आम्ही संध्याकाळच्या ओहोटीला कार्टर रोडला गेलो, अंधार पडल्यावर. बाप रे. जो खडक सकाळी मळकट तपकिरी होता त्याच्यावर हिरवे दिवे लागले, झोअँथिडच्या वसाहती, मधेच एखादा अ‍ॅनिमोन. दहा मिनिटं कोणी काही बोललं नाही. मग मला लांब एक निळंपांढरं, फार तेजस्वी असं काहीतरी दिसलं, मी घसरत घसरत तिकडे गेले, तर डायपर. मग कळलं की कपडे आणि कागद पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून जी द्रव्यं घालतात ती यूव्हीखाली निळी चमकतात, त्यामुळे मुंबईच्या किनाऱ्यावर या टॉर्चने निर्माल्याचे कपडे, टिश्यू आणि कागदी कप सगळ्यात आधी दिसतात. त्यातही एक सुख असतं म्हणा, आपलं कर्तृत्व उजळून निघतं.

पण ओळखण्यासाठी टॉर्चचा उपयोग किती, तर जवळजवळ नाही. चमकतंय म्हणजे अमुक जात असं काही ठरत नाही. रात्री बारीकसारीक जीव कुठे बसलेत ते सापडतात, तेवढंच. एका जागी फार वेळ मारत बसू नका आणि कोणाच्या डोळ्यांवर तर मुळीच नाही, माणसाच्या काय किंवा ऑक्टोपसच्या काय. लहान पोरांच्या हातात देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

वॉटरप्रूफ पाऊच : नको. ओल्या बोटाने आतली स्क्रीन चालत नाही, आवाज वाढवायच्या बटणाने फोटो निघतो पण फोकस कुठे करायचा ते सांगता येत नाही, आणि सकाळी गार मोबाईल आत घातला की प्लास्टिकवर वाफ. "माझा फोन आयपी 68 आहे, मला पाऊच लागतच नाही" म्हणणाऱ्यांनी हेही बघा की त्या वॉटरप्रूफ दर्जाची चाचणी गोड्या पाण्यात होते, खाऱ्या पाण्यासाठी नाही. मी फोन दोरीने गळ्यात अडकवते आणि पाण्यात नेतच नाही, जीव डबीत वर आणते.

आता कार्ड. अहो, काय कार्ड आहे ते. पहिल्याच चौकोनात क्लाउनफिश, नारिंगी पांढरा, निमो. शेजारी निळा सर्जनफिश. मग कुठल्यातरी निळ्याशार पाण्यातला रंगीत स्टारफिश. मुंबईच्या खडकावर हे कार्ड घेऊन उभं राहणं म्हणजे दादरच्या भाजीबाजारात ट्युलिपचा भाव विचारण्यासारखं आहे. आमच्याकडे रोज दिसतात ते निवटी (चिखलात उड्या मारणारे मासे), गोबी, कालवं, हर्मिट, चिखलातले एक नांगी मोठी असलेले फिडलर खेकडे, त्यातलं एकही नाही. खेकड्यांचा एकच फोटो आणि खाली "क्रॅब". भाच्याच्या सरांकडे बोमन छापगर यांचा मुंबई राज्यातल्या खेकड्यांवरचा 1957 चा लेख आहे, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमधला, त्याची झेरॉक्सची झेरॉक्स माझ्याकडे आली. रंगीत काही नाही, पण कुठला दात, कुठला पाय, नेमकं कुठे बघायचं ते त्यात आहे. लॅमिनेटवाल्याने त्यातले दहा खेकडे घेतले असते तरी पैसे वसूल झाले असते.

ओळख पक्की करायला मी फोटो आयनॅचरलिस्टवर टाकते, म्हणजे लोक जिथे जीवांचे फोटो टाकतात आणि एकमेकांना ओळखून देतात त्या वेबसाइटवर. तिथे तारीख आणि जागा नीट टाकली आणि ओळखणाऱ्यांपैकी दोन तृतीयांशांहून जास्त लोकांचं जातीवर एकमत झालं की नोंदीला रिसर्च ग्रेड मिळते. माझ्या 61 नोंदींपैकी 17 ना मिळालीये, आणि त्या 17 पैकी 14 डबीतल्या फोटोंच्या आहेत. लेन्सचे फोटो नुसते लाइक खातात.

बाटल्यांची परीक्षा भाच्याने घेतली. त्याला प्रॅक्टिकलसाठी नमुने हवे होते, ते त्याने मिरकरवाड्यात ट्रॉलरमधून उतरलेल्या आणि विकायला न ठेवलेल्या बारीक मासळीतून घेतले, जिवंत काही उचललं नाही. लेपांची दोन पिल्लं, डोळे दोन्ही डाव्या बाजूला, उजव्या बाजूला असते तर दुसरं घराणं. एक हलव्याचं पिल्लू, ज्याला पापलेटचं समजून तो सरांचं बोलणं खाऊन आला, शेपटीच्या बुडाशी कडक खवल्यांची धार हाताला लागते की नाही ते बघायचं, लागली तर हलवा, दिसायला पापलेटसारखा असला तरी तो कॅरँजिड नावाच्या वेगळ्या घराण्यातला. नमुने 70 टक्के अल्कोहोलमध्ये घातले, एसटीत बॅग आडवी झाली, सहापैकी दोन झाकणं गळली आणि बॅगेबरोबर शेजारच्या काकांचं धोतरही वासाला लागलं. काका मोठ्या मनाचे, म्हणाले, "पोरा, हे पिऊ नकोस म्हणजे झालं."

बाटल्यांवर किटवाल्याने चिकटपट्टीची लेबलं दिलीत, त्यांच्यावर पेनने लिहिलेलं अल्कोहोल लागलं की धुऊन जातं. जाड कागदावर पेन्सिलने जागा, तारीख, कोणी घेतलं ते लिहून कागद बाटलीच्या आत टाकायचा, ही जुनी पद्धतच खरी. शिंपले-शंखवाले नमुने असतील आणि फॉर्मलिन वापरणार असाल तर त्यात बोरॅक्स घाला, फॉर्मलिन आंबट असतं आणि कवचातला चुना खातं. आणि जनुकीय तपासणी करायची असेल तर फॉर्मलिन नकोच, 95 टक्क्यांच्या वरचं अल्कोहोल. हे सगळं कॉलेजच्या मुलांसाठी, आपल्यासारख्यांनी बाटल्या मसाल्याला वापराव्यात.

आणि ते पत्रक. त्यात लिहिलंय, "आपले स्वतःचे कोरल कलेक्शन सुरू करा," वर प्रवाळाच्या तुकड्याचं चित्र. अहो, प्रवाळ, समुद्री घोडा, समुद्रकाकडी हे सगळे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या शेजारी. तुटका तुकडा उचलून शोकेसमध्ये ठेवलात तरी गुन्हा. मुंबईत प्रवाळ कुठलं असं कोणी म्हणेल, तर कोस्टल रोडच्या वेळी हाजी अली आणि वरळीच्या खडकांवरून प्रवाळाच्या वसाहती परवानगी काढून, काळजीपूर्वक दुसरीकडे हलवाव्या लागल्या होत्या, एवढं ते प्रकरण गंभीर. मी विकणाऱ्याला फोन करून सांगितलं. तो बिचारा खरंच दचकला, म्हणाला मजकूर बाहेरून लिहून घेतला होता, काढतो. नंतर मैत्रिणीने मागवलं त्यात पत्रक नव्हतं.

जाळीबद्दल एवढंच की निवटीने तिच्याकडे बघून उडी मारली आणि चिखलात गेली. चिमटा चांगला, पण त्याने कोन शंख उचलायचा प्रयत्न करू नका, चिमट्यानेही नाही, हातानेही नाही, त्याचा विषारी दात शंखाच्या तोंडातून चांगला लांब बाहेर येतो. किटमध्ये एक गोष्ट नाही आणि हवी ती म्हणजे बुटांबद्दल एक ओळ. कालवांच्या कडा ब्लेडसारख्या असतात, आणि वाळूवर चालताना पाय उचलून न टाकता घासत चाला म्हणजे खाली बसलेलं पाकट (शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा) आधीच सरकतं. 2013 मध्ये गिरगाव चौपाटीला विसर्जनाच्या वेळी किती जणांना पाकटांनी डंख मारले होते ते आठवत असेलच.

तर अख्खं किट घ्यायचं का, मी तरी परत घेणार नाही. टॉर्च हौस असेल तर वेगळी घ्या, फिल्टर आहे ना विचारून. लेन्स असली तर असू दे. डबीचं मी त्याला विचारलं, सुटी देशील का, तर म्हणाला सुटी परवडत नाही, वीस नगांची ऑर्डर असेल तर 140 ला एक पाडतो आणि रेघा पिवळ्या करून देतो. वॉकचे आणि भाच्याच्या वर्गातले मिळून आम्ही 13 जण झालोय, सात कमी पडतायत. कोणाला हवी असेल तर खाली लिहा, पुढच्या द्वितीयेच्या आत आली तर बरं.